एका वेळी एकच वायर

कोल्हापूर,
रविवार, १३ जुलै २०२५

चि. भाचीस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि निम्मं बोलणं त्या आवाजातच गेलं. पण मुद्दा कळला. अण्णांची, म्हणजे तुझ्या आजोबांची, फियाट मे महिन्यात तुझ्याकडे रत्नागिरीला आली, महिनाभर गुण्यागोविंदानं चालली आणि पाऊस लागल्यापासून मिसिंग मारायला लागली. गावातल्या गावात ठीक चालते, पण चढ आला की धक्के देते. सकाळी सुरू व्हायला वेळ लावते. गॅरेजवाल्यानं सांगितलं, प्लगच्या वायरी बदला. तू म्हणालीस, "मामा, वायरी मी स्वतःच बदलणार आहे, फक्त कसं ते सांग."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. ज्याची गाडी त्याचा हात तिच्यावरून फिरला पाहिजे, असं अण्णा म्हणायचे. पण फोनवर सांगितलेलं हाताला काळं लागलं की आठवत नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेव.

पत्राचं सार आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं विसरलीस तरी बिघडणार नाही. एक जुनी वायर काढायची, तिच्याच जागी नवी बसवायची, दोन्ही टोकं घट्ट बसल्याची खात्री करायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. सगळ्या वायरी एकदम उपटायच्या नाहीत. कितीही सोपं वाटलं तरी नाही. हा नियम मी एकदा मोडला होता. ते पुढे येईलच.

आधी गाडीबद्दल दोन शब्द. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनत होती. तीच पुढे थोड्याफार बदलांनी प्रीमियर पद्मिनी झाली. अण्णांनी १९७४ साली घेतली ती ही. कागदावर नाव बदललं तरी आपल्याकडे तिला सगळे फियाटच म्हणत राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तोवर कितीतरी टॅक्सीवाल्यांनी ती फुटपाथला लावून, दोन पाने आणि एक पक्कड एवढ्यावर चालती ठेवली होती. इतकं साधं तिचं इंजिन आहे. शिकणाऱ्याला ते सांभाळून घेतं.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हटलं आहे. आपली गाडी वयानं आता त्यात बसते. अशा गाडीतली प्रत्येक वस्तू कुणीतरी कधीतरी विचार करून बसवलेली असते. म्हणून काढण्याआधी बघायचं. नीट बघितलं की निम्मं काम झालंच म्हणून समज.

आता वायर नेमकं करते काय, ते समजून घे. नाहीतर तू मी सांगितलं म्हणून बदलशील आणि पुढच्या वेळी पुन्हा कुणालातरी विचारावं लागेल.

बॅटरी बारा व्होल्टची. एवढ्या दाबाच्या विजेला प्लगच्या टोकाशी असलेली मिलिमीटरभरही नसलेली फट ओलांडता येत नाही. म्हणून कॉइल असते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. डिस्ट्रीब्यूटरमधले पॉइंट उघडले की जाड वेढ्यांतली वीज एकदम तुटते, गाभ्यातलं चुंबकत्व ओसरतं आणि बारीक वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्ट उभे राहतात. ते मधल्या वायरीनं डिस्ट्रीब्यूटरच्या टोपीत येतात. टोपीखाली रोटर फिरत असतो. तो ज्या टोकासमोर असेल त्या वायरीतून वीज प्लगकडे जाते आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एकेका वायरीतून सेकंदाला पंचवीस ठिणग्या जातात. म्हणजे तासाभराच्या प्रवासात नव्वद हजार.

आता विचार कर. आत तांब्याचे चार केसांएवढे धागे असले तरी ते वीज नेतात, ते काम अवघड नाही. अवघड काम बाहेरच्या आवरणाचं आहे. दहा-पंधरा हजार व्होल्ट वाटेत कुठेही सांडू न देता प्लगपर्यंत पोचवायचे. इंजिनच्या धगीनं रबर कडक होतं, तेल लागून फुगतं, वर्षानुवर्षं हलून हलून त्याला केसासारख्या चिरा पडतात. कोरड्या हवेत त्या चिरा खपून जातात. पावसाळ्यात त्यांच्यावर दमट धुळीचा थर बसतो आणि विजेला जमिनीकडे जायला आयती वाट मिळते. तुझ्याकडे तर खारं वारं. कोल्हापुरात जी वायर आणखी दोन वर्षं निभली असती, ती रत्नागिरीच्या पहिल्याच पावसात हरली, यात नवल नाही.

चढावरच धक्के का, असं तू विचारलंस. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि रोग ओळखायची खूणही त्यातच आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण जातं, त्याचा दाब वाढतो, आणि दाबाखालच्या वायूतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. सपाटीवर विजेला प्लगची वाट सोपी पडते. घाटात तीच वाट अवघड होते, मग ती वायरीच्या चिरेतून पळते. सपाटीला शहाणी आणि चढावर आडमुठी झालेली गाडी दिसली, की आधी ठिणगीकडे बघायचं.

मी नववीत असेन. अशाच पावसात आम्ही रत्नागिरीहून परत येत होतो. साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागलो आणि दुसऱ्या वळणावर गाडी धडधडून बंद पडली. किर्र अंधार, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धुकं. अण्णांनी टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं आणि मग टॉर्च विझवला. मला वाटलं सेल गेले. ते म्हणाले, "आता गप उभा राहा आणि बघ." तुझ्या आजीला त्यांनी आतून किल्ली फिरवायला सांगितली. स्टार्टरवर इंजिन घरघरलं, आणि तिसऱ्या प्लगची वायर जिथं हेडला टेकली होती तिथं एक निळसर धागा लखकन चमकून गेला. पुन्हा चमकला. टिक्, टिक् असा कोरडा आवाज येत होता. इंजिनात पडायची ठिणगी बाहेर पडत होती, आणि मी ती डोळ्यांनी बघत होतो. अण्णांनी किल्ली बंद करायला लावली, धोतराच्या कोरड्या सोग्यानं वायरी आणि टोपी पुसली, ती वायर हेडपासून दोन बोटं वर उचलून सुतळीनं बांधली. गाडी सुरू झाली. पहाटे आम्ही घरी होतो.

तर वायरी बदलण्याआधी तूही हे कर. रात्री अंगणातला दिवा घालव, बॉनेट उघड, इंजिन सुरू ठेव आणि हात मागे घेऊन बघ. काही दिसलं नाही तर कुंडीतल्या झाडांवर पाणी मारायचा बारीक फवारा घे आणि वायरींवर लांबून हलकासा मार. निळी रेघ दिसली किंवा इंजिनचा ठोका चुकला, की रोग सापडला. चालू इंजिनच्या वायरीला मात्र हात लावायचा नाही. झटका जोराचा बसतो, आणि हात झटकला जाऊन पंख्यात गेला तर झटक्यापेक्षा वाईट. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांना या वेळी जवळ उभं करू नकोस.

आता सामानाचं. तू सेट आणला आहेस म्हणालीस. खोलून बघ, पाच वायरी आहेत का? चार प्लगच्या आणि एक मधली, कॉइलपासून टोपीपर्यंतची. पुष्कळ जण चार बदलतात आणि मधली तशीच ठेवतात. चारही सिलिंडरची वीज तिच्यातूनच जाते. ती फुटकी असेल तर बाकीच्या चार नव्या असून उपयोग नाही.

दुसरं, सेट किती जुना आहे ते बघ. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा मुंबईला ऑपेरा हाऊसला काय, जुन्या फियाटचे कोरे भाग अजून मिळतात, पण पंचवीस वर्षं खोक्यात पडून राहिलेली वायर कोरी असली तरी नवी नसते. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. वायर बोटाभोवती वळवून बघ. कडक लागली, वळणावर पांढुरकी चीर दिसली, तर परत कर.

तिसरं, आतला गाभा. वायरी दोन जातींच्या असतात. एकीत तांब्याच्या तारा असतात, दुसरीत कार्बन मुरवलेला धागा. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून ही कार्बनची जात आली, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांना तीच लागते. आपल्या गाडीत अजून पॉइंट आहेत, तिला तांब्याची सात मिलिमीटर जाडीची वायर उत्तम. खरखर नको असेल तर रेझिस्टर असलेलं प्लगचं टोपण मिळतं, ते लाव. काही जुन्या डिस्ट्रीब्यूटरच्या टोपीत वायर आतून टोकदार स्क्रूनं पकडलेली असते. स्क्रूचं टोक तांब्यात घुसून पकड घेतं. तसल्या टोपीत कार्बनची वायर घालायचीच नाही, स्क्रू धागा तोडून टाकतो आणि वरून काही कळत नाही. म्हणून तुझी टोपी कशी आहे ते आधी बघ. मल्टिमीटर असेल तर नव्या वायरीही बसवण्याआधी मोजून घे. तांब्याची वायर जवळजवळ शून्य ओहम दाखवेल, कार्बनची काही हजार, आणि लांबीच्या प्रमाणात कमी-जास्त. काट्यानं काहीच दाखवलं नाही तर ती वायर नवी असूनही आत तुटलेली आहे.

आता कामाला लाग.

सकाळी कर, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रलला ठेव, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव. ओढणी, मोकळे केस, हातातलं कडं, काही लोंबतं ठेवू नकोस. फेंडरवर जुनी चादर टाक. मग मोबाइलवर इंजिनचे चार फोटो काढ, वरून आणि दोन्ही बाजूंनी. अण्णांच्या काळी हे नव्हतं, ते वहीत आकृती काढायचे. तूही काढ. फोटो विसरायला लावतो, काढलेली आकृती लक्षात राहते.

रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर, तिथून मागे दोन, तीन, चार. चिकटपट्टीचे तुकडे घेऊन प्रत्येक वायरीला तिचा नंबर लाव, प्लगपाशी एक आणि टोपीपाशी एक. टोपीवरही खडूनं आकडे टाक.

आता एक नंबरची वायर. ती वायरीला धरून ओढायची नाही. टोकाचं रबरी टोपण बोटांत धर, डावी-उजवीकडे थोडं पिळून सैल कर आणि सरळ वर काढ. वायरीला हिसका दिलास तर आतलं पितळी टोक टोपणातच राहतं. जुनी वायर काढलीस की नव्यांतली तिच्याच लांबीची शोध. नवी लांब असेल तर चालेल, थोडी सैल राहील. आखूड असेल तर ताणून बसवू नकोस, ताणलेली वायर इंजिनच्या थरथरीनं सैल होऊन निघते.

बसवताना प्लगच्या बाजूला टक् असा आवाज आला पाहिजे. टोपीच्या बाजूला खोलवर दाबून आतली हवा बाहेर जाऊ दे आणि मग रबरी बूट खाली सरकव. बुटाच्या आतून सिलिकॉन ग्रीसचा बोटाच्या टोकावर मावेल एवढा हात फिरव. त्यानं पाणी आत जात नाही आणि पुढच्या वेळी बूट सहज निघतो. पितळी टोकाला मात्र ग्रीसनं माखू नकोस.

एक झाली. हलकेच ओढून बघ, निघत नाही ना? मग दोन नंबर.

जुनी वायर टाकून देण्याआधी तिची टोकं बघ. मधली वायर कॉइलच्या तोंडातून काढशील तेव्हा तर नक्की बघ. आपण पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की हिरवा कळंक चढतो म्हणतो ना, तोच तिथं दिसेल. खाऱ्या हवेनं तांबं खाऊन टाकलेलं असतं. कॉइलच्या तोंडात तो हिरवा चुरा असेल तर बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळून आतून साफ कर. नवी वायर घाणीत खोवलीस तर वर्षभरात तिचीही तीच गत.

आता मी केलेली चूक. वीस-एकवीस वर्षांचा होतो. अण्णा पुण्याला गेले होते, ते परत यायच्या आत वायरी बदलून त्यांना दाखवायचं मनात होतं. चारही जुन्या वायरी एकदम काढल्या आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. तुझ्या आईनं जेवायला हाक मारली म्हणून उठलो. परत येईपर्यंत वाऱ्यानं कागद उलटला होता. मला वाटलं, चार तर वायरी, त्यात काय. अंदाजानं बसवल्या. किल्ली फिरवली. इंजिन लंगडत सुरू झालं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून फाट् आवाजासरशी हातभर ज्वाळ बाहेर आली. एअर क्लीनर मी काढून ठेवलेला होता. माझा चेहरा कार्ब्युरेटरवर असता तर आज हे पत्र वेगळ्या डोळ्यांनी लिहिलं असतं.

झालं होतं असं. या इंजिनचा ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. दोन आणि तीनचे पिस्टन बरोबरीनं वर येतात, पण एक दाब देत असतो तेव्हा दुसरा धूर बाहेर टाकून नवीन मिश्रण घ्यायला वळलेला असतो. मी दोन-तीनच्या वायरी उलट लावल्या. ठिणगी पडली ती व्हॉल्व्ह उघडे असताना. आत येणारं मिश्रण पेटलं आणि उलटं कार्ब्युरेटरकडे धावलं. दोन वायरींची अदलाबदल एवढीच चूक, पण पेट्रोलच्या गाडीला आग लागायला तेवढी पुरते. तेव्हापासून इंजिन सुरू करताना एअर क्लीनर जागेवर असतो आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी असतं. तूही तसंच ठेव.

रात्री अण्णा आले. ओरडले नाहीत. सकाळी त्यांनी सगळ्या वायरी पुन्हा काढायला लावल्या आणि हरवलेला क्रम कसा शोधायचा ते शिकवलं. तुलाही ते यायला हवं, कारण तुझ्या आधीच्या कुणी चूक करून ठेवली असेल तर फोटो बघून उपयोग नाही.

किल्ली बंद. एक नंबरचा प्लग काढ. गाडी सपाटीवर टॉप गिअरला टाकून, हँडब्रेक सोडून कुणालातरी हळूहळू पुढे ढकलायला सांग. प्लगच्या भोकावर अंगठा ठेव. आतून हवा अंगठा वर ढकलायला लागली की तो एक नंबरचा दाबाचा ठोका. पिस्टन वर पोचला की थांब. आता डिस्ट्रीब्यूटरची टोपी उचलून बघ, रोटर ज्या टोकाकडे बोट दाखवतोय ती एक नंबरची जागा. रोटर कुठल्या दिशेनं फिरतो ते गाडी आणखी थोडी ढकलली की कळतं. त्या दिशेनं टोपीवर मोजत जायचं, एक, तीन, चार, दोन. कुठल्याही पुस्तकातल्या चित्रापेक्षा हा पुरावा पक्का, कारण हे तुझंच इंजिन तुला सांगत असतं.

प्लग काढायची वेळ आली तर आणखी एक जप. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग काढलास तर प्लगबरोबर हेडचे आटेही येतील. काढण्याआधी सायकलच्या पंपानं प्लगभोवतालची माती उडव, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. परत बसवताना निम्म्याहून जास्त आटे हातानंच फिरव, पाना फक्त शेवटी. हाताला प्लग अडला तर जोर लावू नकोस, उलटा फिरवून पुन्हा सुरुवात कर. आणि काढलेल्या प्लगचा रंग बघून ठेव. बदामी असेल तर सगळं छान. काळा, कोरडा, काजळीचा असेल किंवा पेट्रोलनं ओला असेल, तर बहुधा त्या सिलिंडरला ठिणगी नीट पोचत नव्हती. दोषी वायर कुठली होती ते तोच सांगेल.

वायरी बसल्या की त्यांची वाट नीट लाव. एक्झॉस्टच्या गरम लोखंडाला आणि पंख्याच्या पट्ट्याला कुठलीही वायर शिवता कामा नये. हेडपासून दोन बोटं अंतर ठेव, अण्णांनी सुतळीनं ठेवलं होतं तसं. आणि बारकाईनं ऐक. तीन आणि चारच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर नेऊ नकोस. तीननंतर लगेच चारची पाळी येते. तीनमधून वीज धावताना शेजारच्या चारमध्येही थोडी जागी होते, आणि चारच्या सिलिंडरमध्ये तेव्हा मिश्रण भरलेलं असतं. तिथं पाळीआधी ठिणगी पडली तर इंजिनला मार बसतो. दोन आणि एकचंही तेच. दोन्ही जोड्यांत बोटभर अंतर ठेव, जुने रबरी धारक असतील तर ते परत लाव. वायरी दिसायला सुंदर एकत्र बांधण्याचा मोह होईल. बांधू नकोस.

बॅटरी जोड, एअर क्लीनर लाव, किल्ली फिरव. पाच मिनिटं इंजिन ऐक. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात लांब धरून बघ, धूर सारख्या ठोक्यानं येतो का.

आता एक मोह आवर. वायरींबरोबर प्लगही नवे, पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, टोपी नवी, कार्ब्युरेटरचा स्क्रूही जरा फिरवला, असं सगळं एका सकाळी करावंसं वाटेल. आज फक्त वायरी बदल. दोन-चार दिवस चालव. मिसिंग गेली तर रोग वायरीत होता, हे तुला कळलं आणि ते जन्मभर तुझं. नाही गेली तर टोपी उलटी करून आतून बघ, दोन टोकांमध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का. मधला कार्बनचा ठोकळा स्प्रिंगवर खालीवर होतो का. मग रोटर, मग पॉइंट. पाच गोष्टी एकदम बदलून गाडी बरी झाली तर गाडी बरी झाली खरी, पण तू काहीच शिकली नाहीस. आणि नवा कंडेन्सर सदोष निघून गाडी आणखी बिघडली, तर दोष कुठल्या नव्या वस्तूचा हे शोधता शोधता थकशील. जुनी गाडी सांभाळणाऱ्या माणसाला एका वेळी एकच बदल करून थांबता आलं पाहिजे. अण्णांनी पन्नास वर्षांत ही गाडी कधी पूर्ण खोलली नाही, आणि म्हणूनच ती पूर्ण राहिली, असं मला वाटतं.

काम झालं की गाडीच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि "प्लग वायर पाचही नव्या, तांब्याच्या" एवढं लिही. वही कप्प्यातच आहे, पहिलं पान अण्णांच्या अक्षरातलं. जुन्या वायरींतली सगळ्यांत लांब आणि धड असेल ती पुसून, गुंडाळून डिकीत ठेव. चारांतली कुठलीही गेली तरी ती पोचेल आणि तुला घरापर्यंत आणेल.

मग एका रविवारी इकडे ये. साखरप्यापर्यंत आरामात ये. घाट सुरू झाला की काचा खाली कर, रेडिओ बंद कर आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चढव. आंब्याच्या माथ्यापर्यंत एकही ठोका चुकला नाही, तर वायरी बरोबर बसल्या. आणि चुकलाच, तर माथ्यावर थांबून मला फोन कर, मी निघतोच. पण त्याआधी बॉनेट उघडून स्वतः बघ.

तुझा,
मामा